पोटातला किडा

गेल्या ग्रामसभेत तुम्ही 'मंजूर' म्हणून ओरडलात, तेव्हा ठराव नेमका कशाचा होता, सांगता येईल?

प्रश्न मन्मथअप्पांचा आहे. परळीजवळच्या आमच्या गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करून देणारा हा म्हातारा कुणाचा होकार सहज घेत नसे. मी "हो अप्पा, बरोबर" म्हटलं की हातातली तांब्याची तार खाली ठेवून विचारायचे, "काय बरोबर? मी काय म्हनलो ते तुझ्या शब्दांत सांग." सांगता आलं नाही तर चहा मिळत नसे.

तरुणपणी ते परराज्यातल्या एका वीज प्रकल्पावर चिनी इंजिनियरांच्या हाताखाली फिटर होते. इंग्रजी यंत्रांच्या पुस्तकांतून शिकले, चिनी त्या माणसांकडून. "प्रतिध्वनीला इंग्रजीत एको," ते सांगत. "दुसऱ्याचंच परत बोलनारा मानूस बी एकोच. चिनी मानूस हुईयिन म्हनतो. आन् पत्राला उत्तर आलं तरी हुईयिनच. इहिरीत हाक मारली तर तुझाच आवाज वर येतो, पोरी. पत्राला येतो तो दुसऱ्याचा. आपल्याला कंचा पायजे?"

होयबाला चिनी लोक चक्क किडा म्हणतात, आवाजाला आवाज देणारा किडा. त्याची गोष्ट अप्पांची लाडकी. एकाच्या पोटात किडा शिरला. माणूस बोलेल ते तो आतून बोलायचा. वैद्य म्हणाला, औषधांची नावं मोठ्यानं वाच. किडा एकेक नाव परत म्हणत गेला आणि एका नावाला गप्प बसला. "त्येच औषध!" अप्पा मांडीवर थाप मारत.

मी वडिलांनी लिहिलेली पत्रकं वाचत वाढले, आता स्वतः लिहिते. औष्णिक वीजकेंद्रातल्या राखेचे उघडे टिपर शाळेसमोरून जात आणि पोरांच्या खिचडीवर राख बसे. 'होयबांनो, जागे व्हा' हे पत्रक मी घरोघर वाटलं. चौकात माझ्या घोषणेला गाव एका सुरात साथ देत होतं. मला वाटलं, जिंकलो.

मग ग्रामसभा भरली. ग्रामसेवक ठराव वाचत गेले, लोक 'मंजूर, मंजूर' म्हणत गेले. अप्पा उठले.

"माझा ठराव लिहा. शाळा सुटंस्तोवर राखेची एकबी गाडी ह्या रस्त्यानं जानार न्हाई. सूचक मी. अनुमोदक कोन?"

ठराव नोंदवायला दुसरा एक माणूस लागतो. एकच. कुणी बोललं नाही. चौकात घसा फोडून ओरडलेले सगळे तिथेच बसले होते. टिपर सरपंचांचे होते. ते हसत म्हणाले, "अप्पा, चिनीत इचारा की, एखादा उठंल!"

सभा खदखदून हसली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझा भाऊ सरपंचांच्याच टिपरवर ड्रायव्हर होता. मी उठले नाही. आणि ज्या गोष्टीने मी अजून हादरलेली आहे ती ही, की त्या हसण्यात माझाही आवाज होता. माझ्या कानांनी तो ऐकला.

अनुमोदक नाही म्हणून ठराव लिहिला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. "अप्पा, माझं चुकलं," म्हटलं. काय चुकलं ते माझ्या शब्दांत सांगायची मी तयारी करून गेले होते. अप्पांनी काही न विचारता चहा पुढे केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

मग तार गुंडाळत म्हणाले, "कावून रडती? औषधाचं नाव तर कळलं गावाला."

महिन्याभरात अप्पा गेले. हृदयविकाराने, दुकानातच. अंत्ययात्रा निघाली तेव्हाही टिपर जात होते.

पुढच्या ग्रामसभेत तोच ठराव मी मांडणार आहे. भावाला सांगितलं आहे. तो आठ दिवस बोललेला नाही. तुम्ही आमच्या गावचे असाल तर या आणि 'अनुमोदन' एवढंच म्हणा. दुसऱ्या गावचे असाल तर तुमच्या सभेत प्रत्येक ठराव मोठ्याने वाचायला लावा. ज्या ठरावाला सगळे गप्प बसतील, तिथे हात वर करा.

आणि कुणी हसलं, तर हसू नका.