निकाल सांगायचा नाही

शर्यतीच्या रविवारी फणीदादाच्या सलूनच्या काचेवर एक कागद चिकटवलेला असायचा : 'सायकलच्या शर्यतीबद्दल बोलणाऱ्याची अर्धीच दाढी केली जाईल.' नवं गिऱ्हाईक वाचून हसायचं. जुनं हसायचं नाही. कारण शेजारच्या औषधदुकानदाराला फणीदादानं खरोखरच एका गालावर फेस ठेवून खुर्चीतून उठवलं होतं आणि तो गडी तसाच आपल्या दुकानात जाऊन संध्याकाळपर्यंत लोकांना खोकल्याचं औषध देत बसला होता.

फणीदादा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सुतार कानावर पेन्सिल ठेवतो तशी हा कानावर फणी ठेवायचा. रात्री झोपताना बायको ती काढून घ्यायची, नाहीतर कूस बदलताना दाते टोचून उठून बसायचा. माणूस तसा गरीब. कुणी उधारीवर केस कापून गेला तरी ब्र काढायचा नाही. पण शर्यतीचा निकाल आधी सांगितला, की त्याच्या अंगात यायचं. 'निकाल माहीत असताना शर्यत बघायची म्हणजे दाढी झाल्यावर साबण लावायचा,' असं तो म्हणायचा. आणि रविवार म्हणजे सलूनचा सगळ्यात गर्दीचा दिवस. साऱ्या मोठ्या शर्यती नेमक्या रविवारी. त्यामुळे शर्यत घरी टीव्हीच्या डब्यात रेकॉर्ड करून साठवायची आणि संध्याकाळी जाऊन, काहीच माहीत नाही अशा कोऱ्या मनानं बघायची, ही त्याची आयुष्यभराची रीत.

हे वेड त्याला आरशातून लागलं. उमेदवारीत असताना उस्तादाच्या दुकानात टीव्ही गिऱ्हाइकांच्या पाठीमागे भिंतीवर होता. पोरानं वळून बघितलं की उस्ताद डोक्यात टपली मारायचे. मग हा आरशात बघायचा. समोर गिऱ्हाइकाचं डोकं, आणि डोक्याच्या वर आरशात घाट चढणारी दीडशे माणसं. एकाला एक चिकटून, वारा चुकवत, पाखरांच्या थव्यासारखा तो घोळका वळायचा. त्यातून एखादाच वेडा पुढे सुटायचा. सगळे मिळून त्याला गिळायला मागे लागायचे. हा कात्री हवेतच धरून उभा. पुढची कित्येक वर्षं त्याला त्या शर्यतीतली वळणं उलटीच पाठ होती. अमुक घाटाखाली उजवीकडे वळायचं की डावीकडे, यावरून औषधदुकानदाराशी पैज लावून तो हरला, तेव्हा कुठे आपण सगळं आरशात बघितलंय हे त्याच्या ध्यानात आलं.

लग्न झालं आणि बायकोपुढे हा संसार उघडा पडला. बायको पडदे शिवणारी, हाताला आणि तोंडाला सारखीच धार.

"म्हणजे चार तास ती माणसं पुढे वाकून बसणार आणि चार तास तुम्ही मागे रेलून बसणार?"

"अगं, डाव असतात त्यात. कोण कुणाचा वारा अडवतो ते बघ."

"माझा वारा तुम्ही अडवलाय. पंख्यासमोरून सरका जरा."

हिवाळ्यात रस्त्यावरच्या शर्यती थांबल्या की सायक्लोक्रॉस सुरू व्हायचं. त्या शर्यती गावाबाहेरच्या माळावरही व्हायच्या. शेतातून, चिखलातून, वाळूतून फेऱ्यांवर फेऱ्या. सायकल रुतली की उतरायचं, ती खांद्यावर टाकायची आणि चढण पळत चढायची. वर पोचलं की पळता पळताच पुन्हा टांग टाकायची. एकदा तो बायकोलाही घेऊन गेला. दोरीच्या अगदी कडेला उभं केलं. पहिल्याच फेरीत एक आडदांड गडी असा काही धडधडत गेला, की बाईंच्या नव्या कोटावर चिखलाचा नकाशा उमटला. "मेल्या!" असं ती ओरडली, आणि दुसऱ्या फेरीला तोच येताना दिसल्यावर फणीदादापेक्षा मोठ्यानं ओरडली, "पळ रे मेल्या!" घरी येताना मात्र म्हणाली, "पुन्हा नाही हं येणार," आणि खरंच गेली नाही.

तो मेला म्हणजेच पाणक्या. हे नाव फणीदादानं ठेवलेलं. चिखलातून वर आलेला हा गडी मोठ्या संघात गेला आणि तिथे त्याच्या वाट्याला हमाली आली. मागच्या गाडीपर्यंत मागे यायचं, पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबायच्या, पुन्हा घोळक्यात घुसून संघाच्या पुढाऱ्याला, म्हणजे ज्याला जिंकवायचं त्याला, द्यायच्या. पुढाऱ्याचं चाक फुटलं की आपलं काढून द्यायचं. सगळी जवानी अशी गेली. जिंकणाऱ्यांच्या त्या तीन पायऱ्या असतात ना, त्यांवर पाणक्याचा पाय कधी लागला नाही. आणि फणीदादाचं मन नेमकं त्याच्यावर जडलेलं. उभा दिवस दुसऱ्याच्या डोक्याची सेवा करणाऱ्याला तो आपला वाटला असेल. बायको विचारायची, "जिंकणारा कोणी सापडत नाही का तुम्हाला?"

यंदाचं वर्ष पाणक्याचं शेवटचं. त्यातून वसंतातल्या दगडी रस्त्यांच्या मोठ्या शर्यतीआधी संघाचा पुढारी पडला आणि त्याचं गळ्याखालचं हाड मोडलं. संघानं जाहीर केलं : यावेळी पाणक्या स्वतःसाठी पळेल. फणीदादाला तीन रात्री झोप नाही. रविवारी सकाळी त्यानं फक्त हवामान बघितलं, तेवढी मुभा त्यानं स्वतःला दिली होती. तिकडे पाऊस, आणि सगळ्या वाटेवर समोरून वारा! "चिखल होणार!" तो स्वयंपाकघरात जाऊन नाचलाच. "चिखल म्हणजे त्याचं माहेर!" मग त्यानं डब्यावर वेळ लावली आणि बायकोला बजावलं, "डबा जुना आहे. टीव्हीवर जे चालू असतं तेच साठवतो. चॅनलला हात लावायचा नाही. आणि मी आल्यावर काही म्हणजे काही सांगायचं नाही."

"मी बघणारच नाहीये. पडद्यांच्या पट्ट्या घालायच्यात मला."

सलूनमध्ये त्या दिवशी रेडिओ बंद, मोबाईल बंद करून टॉवेलांखाली. दुपारी औषधदुकानदार दाढीला येऊन बसला. गालातल्या गालात हसत होता.

"आज वारा काय जबरदस्त आहे, नाही?"

"वाऱ्याबद्दलही बोलायचं नाही."

"बरं बाबा. पाण्याबद्दल? पाणक्या..."

वस्तरा गळ्यापाशी थांबला. "कुठे काय टेकलंय ते बघा आणि मग पुढचा शब्द काढा."

"अरे, मी सकाळपासून गोळ्या मोजतोय! मला डोंबल माहीत नाही."

"मग हसताय कशाला?"

"तुझं तोंड बघून. लग्नात तरी एवढा घाबरला होतास का?"

संध्याकाळी दुकान आवरायच्या वेळी घात झाला. पलीकडच्या खुर्चीत एक अनोळखी गिऱ्हाईक, दाढीचा फेस लावून भिजत ठेवलेलं. त्यानं कपड्याखालून हळूच फोन काढला. अचानक समालोचकाचा चिरका आवाज सलूनभर घुमला, "पडला! पडला! अरे, तो पडला..."

फणीदादानं झेप घालून केस वाळवायची दोन्ही यंत्रं एकदम सुरू केली. एक आपल्या कानापाशी, दुसरं गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर. फेसाचे गोळे उडून आरशावर बसले. गिऱ्हाईक "अहो! अहो!" करत फोन बंद करेपर्यंत त्यानं यंत्रं खाली ठेवली नाहीत. त्या माणसाची दाढी त्यानं फुकट केली. पण कानात पडायचं ते पडलं होतं. कोण पडला? घरी जाताना चौकातल्या हॉटेलच्या टीव्हीवरून नजर चुकवायला त्यानं मान खाली घातली आणि विजेच्या खांबाला जाऊन धडकला. कोण पडला? पडणाऱ्यांत पाणक्याचा नंबर नेहमी वरचा.

दार उघडलं तर बायकोचं तोंड एवढंसं झालेलं. डोळे लाल. मांडीवर तोच पडदा, अर्धी पट्टी तशीच. तिनं मुकाट्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तू बघितलीस."

"मी काही बोलले का?"

"तोंड बघ तुझं आरशात!"

"बोलायचं नाही म्हणालात ना? बोलत नाहीये. आणि तोंड काय काढून ठेवू?" ती उठून त्याच्या खुर्चीच्या मागे जाऊन बसली, म्हणजे चेहरा दिसायला नको.

तो बघायला बसला. आणि मग पुढचा वेळ घर घर राहिलं नाही. पाऊस, वारा, दगडांवर थडाथडा उडणाऱ्या सायकली. चिखलानं सगळे सारखेच काळे; पण पाणक्याची ती खांदे पाडून बसायची ढब हजारांत ओळखू यायची. पहिल्या दगडी पट्ट्यावर घोळका फुटला. दुसऱ्यावर नावाजलेले मागे पडले. पाणक्या पुढच्या दहांत. मग सहांत. प्रत्येक वळणावर फणीदादा डोळे मिटायचा, 'इथेच पडणार', आणि उघडायचा तर गडी उभा! मग एका चढावर चौघे सुटले. हिरवा सदरा, पिवळा सदरा, एक पोरसवदा जगज्जेता, आणि चौथा पाणक्या! फणीदादा खुर्चीवर चढला. "कुणासाठी पाणी आणत नाहीये आज! बघतेस ना? स्वतःसाठी पळतोय!" मागून एक शब्द नाही. चौघे गावाच्या वेशीत शिरले. मागच्यांना कळलं होतं, ते तुटून पडले होते. तीन किलोमीटर उरले...

आणि पडद्यावर एक बाई हसत हसत कांदा चिरायला लागली.

फणीदादा खुर्चीवर उभाच. रिमोट दाबला. मागे नेलं की ते चौघे, पुढे नेलं की कांदा. नेमून दिलेली वेळ संपली तिथे डब्यानं साठवणं थांबवलं होतं आणि आता टीव्हीवर नुसता चालू कार्यक्रम लागला होता. समोरून वारा! सबंध वाटेवर समोरून वारा असला की शर्यत रेंगाळते, हे गल्लीतल्या प्रत्येकाला यानं ओरडून ओरडून शिकवलं होतं. सकाळी वारा बघून हाच नाचला होता, आणि डब्याला मात्र नेहमीची वेळ लावली होती.

"मूर्ख!" त्यानं स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. "मोबाईल... नको. उघडला की आधी निकालच समोर येतो."

"अहो," मागून आवाज आला, "मी बघितलंय ना."

तो वळला. "शेवटापर्यंत टीव्ही चालू होता?"

"चालू होता म्हणजे? पट्टी घालायची सोडून त्याच्यासमोर उभी होते मी!" तिनं पडदा बाजूला फेकला. "सांगू?"

त्यानं खाली उतरून खुर्ची तिच्याकडे फिरवली. जन्मात पहिल्यांदा म्हणाला, "सांग. पण शेवट आधी नको. रांगेनं सांग."

"रांगेनंच सांगते. ते चौघे आले. पुढे पेट्रोल पंप, पंपापुढे गोल चौक, मधे गवत. रस्ता नुसता तुळतुळीत. तो हिरवा सगळ्यांत पुढे, त्यानं चाक वळवलं आणि सुर्रकन गेला! पडला! सायकलीसकट रस्त्यावर आडवा!"

"हिरवा पडला?" फणीदादानं छाती धरली. "हिरवा! पाणक्या नाही?"

"ऐका तरी! पिवळा आणि ते पोर कसेबसे बाजूनं निसटले. तुमचा हा मात्र नेमका मागे. रस्ता बंद. मी म्हटलं, संपलं. तर ह्यानं काय करावं! टांग काढली, सायकल खांद्यावर टाकली आणि घुसला गवतात! चिखलात पळतात ना, तस्सा! ते गोल गवत आडवं कापून पलीकडे, आणि पळता पळताच वर बसला. तो बोलणारा माणूस किंचाळत होता. मी किंचाळत होते. शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, पाणक्या पळतोय! ती घाबरून परत गेली."

"मग? मग?"

"मग पोचला की त्यांना! सरळ रस्ता, तिघे एका रांगेत, डोकी खाली. हा येत होता, येत होता, येतच होता..." तिनं अंगठा आणि बोट जवळ आणलं. "एवढंसं चाक राहिलं हो. एवढंसं. तिसरा आला."

"मला इतका राग आला! तो हिरवा मेला नीट वळला असता तर..." तिनं नाक पुसलं. "ही तुमची शर्यत. शेवटाला असा जीव घेते."

"तिसरा," फणीदादा म्हणाला.

"हो ना."

"तिसरा!" त्यानं तिचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. "अगं, तिसरा म्हणजे पायरी! पायरीवर चढवतात तिसऱ्याला! चढला का तो?"

"चढला की. आणि ढसाढसा रडत होता. मला वाटलं, हरला म्हणून."

"हरला कसला, वेडे! उभ्या जन्मात पहिल्यांदा चढला तो!" तो खोलीभर फिरू लागला. त्याला बसवेना, उभं राहवेना. "आणि सायकल खांद्यावर? मोठ्या शर्यतीत? रस्त्याच्या? कशी टाकली? अशी, की अशी?"

"थांबा." बायकोनं स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, एका झोक्यात खांद्यावर टाकलं आणि पदर खोचून खुर्चीभोवती धावत सुटली. "अशी!"

"अगं, स्टुलाचा पाय नाही धरायचा, हात खालून घालून हँडल..."

ती स्टुलासकट थबकली. श्वास वर, केस सुटलेले.

"बघितलं कोणी? मी का तुम्ही?"

फणीदादा खुर्चीत बसला, अगदी कडेला, पुढे वाकून.

"तू," तो म्हणाला. "परत सांग. पेट्रोल पंपापासून."