दाखवा मॅडम

ताप आलाय असं सांगून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली, की मॅडम टेबलापलीकडून हात लांब करायच्या आणि कपाळाला लावून बघायच्या. ताप असेल तर लगेच शिपायाला रिक्षा बोलवायला पाठवायच्या. नसेल तर, "कपाळ थंडगार आहे. पोट दुखतंय म्हणाली असतीस तर मला बघता आलं नसतं," असं सांगून पुन्हा फायलीत डोकं घालायच्या. पुढच्या वेळी कुणी खरंच पोटदुखीचं कारण काढलं, तर त्यांच्या ड्रॉवरमधून ओव्याची पुडी बाहेर यायची. चिमूटभर ओवा त्यांच्यासमोर उभं राहून चावावा लागायचा. तो इतका तिखट असायचा, की पोट नसेल दुखत तर ऑफिसात थांबण्यातच शहाणपण होतं.

गंगापूर रोडला खाली औषधांचं दुकान आणि वर आमचं सी.ए.चं ऑफिस होतं. फर्म मोठी म्हणावी अशी नव्हती, लहानही नव्हती. लिफ्ट नव्हती, पण शिपाई होता. संगणक होता, पण एकच, आणि त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. तीन पार्टनर होते. एक सर इन्कमटॅक्स बघायचे, दुसरे सर क्लायंटच्या घरची लग्नंमुंजी सांभाळायचे, आणि ऑडिट म्हणजे मॅडम. एका लांबलचक टेबलाच्या दोन्ही अंगांना आम्ही आर्टिकल बसायचो. सी.ए.च्या परीक्षेचा अभ्यास करत ऑफिसात शिकाऊ म्हणून राबायचं, त्याला आर्टिकलशिप म्हणतात. ती पुरी केल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नांदगावहून येऊन तिथे दाखल झाले आणि पंचवटीत मावशीकडे राहू लागले.

मॅडमना आम्ही आपसात 'दाखवा मॅडम' म्हणायचो. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "बिल आहे मॅडम." "दाखवा." "बँकेत भरलंय मॅडम." "दाखवा." माणसांना त्या गावाच्या नावाने हाका मारायच्या. मी 'नांदगाव' आणि माझ्या समोर बसणारा मुलगा 'सटाणा'. हा सटाणा एरवी झकास शुद्ध बोलायचा, पण मॅडमनी चष्म्यावरून बघितलं की घाबरून थेट घरच्या अहिराणी बोलीत शिरायचा. "व्हाउचर आहे का?" म्हटलं की, "शे मॅडम, शे!" मॅडम शांतपणे म्हणायच्या, "शे ना? मग दाखव." सगळं टेबल खाली मान घालून हसायचं.

हा संशयी स्वभाव नव्हता, हे कळायला मला बरेच महिने लागले. एकदा एका क्लायंटचा मुनीम दुखावला. "मॅडम, मी खोटं बोलतो का?" म्हणाला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अहो भाऊ, खोटं कशाला बोलाल? माणूस विसरतो, अंदाजाने बोलतो, समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतो. मीपण बोलते. म्हणून बघायचं असतं." मुनीम विरघळला आणि स्वतःच उठून सगळ्या फायली घेऊन आला. मॅडमनी त्याच्याशी जाताना मुलाच्या बारावीबद्दल गप्पा मारल्या.

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हशींची. शहराबाहेरच्या एका गोठ्यावर वर्षअखेरीला म्हशी मोजायला आम्ही गेलो होतो. ऑडिटमध्ये माल डोळ्यांनी बघून मोजावा लागतो, आणि तिथे माल म्हणजे म्हशी. मालक सरळ माणूस होता, पण म्हशींना ते ठाऊक नव्हतं. मी या टोकाकडून मोजायचे, सटाणा त्या टोकाकडून, आणि तेवढ्यात दोनचार म्हशी पाण्याकडे जाऊन फेरफटका मारून परत यायच्या. दर वेळी आकडा वेगळा. मॅडम थोडा वेळ झाडाखाली उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी पर्समधून कुंकवाचा करंडा काढला, पदर खोचला आणि मोजलेल्या प्रत्येक म्हशीच्या कपाळावर बोट टेकवत निघाल्या. मालकाची बायको धावत बाहेर आली. तिला वाटलं, शहरातल्या बाई पूजा करतायत. ती हळदीची वाटी आणि नारळ घेऊन मागोमाग चालू लागली. मॅडमनीही तिचा हिरमोड केला नाही. मोजणी संपली तेव्हा आकडा जुळला होता, नारळ फुटला होता आणि म्हशी कुंकू लावून मिरवत होत्या. ऑफिसात ही हकिकत ऐकून लग्नंमुंजीवाले सर म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी ओटीपण भरा."

ऑफिसबाहेरही त्यांचा खाक्या तोच. कुणी म्हटलं, आज आईने डब्यात पुरणपोळी दिलीय, की मॅडम केबिनमधूनच म्हणणार, "दाखवा." दाखवलेली पोळी अर्धीच परत यायची. पण ऑक्टोबरच्या अखेरीस, ऑडिटची धामधूम संपवून शेवटची फाईल बाहेर पडली, की त्याच मॅडम आम्हाला सगळ्यांना मिसळ खायला न्यायच्या आणि तर्री जास्त मागून घ्यायच्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खायच्या आणि म्हणायच्या, "आता कुणी मला काही दाखवू नका." त्या दिवशी त्या आमच्याच वयाच्या वाटायच्या.

कामाच्या बाबतीत त्यांचा एक धडा मात्र त्या प्रत्येक नव्या आर्टिकलला पहिल्याच आठवड्यात द्यायच्या. कुठल्याही क्लायंटची यंदाची फाईल उघडायला गेलं, की त्या ती मिटून ठेवायच्या. "आधी मागच्या वर्षाची काढ. पुढे काय करणार ते सगळेच छान सांगतात. मागे काय केलंय ते बघ, म्हणजे पुढचं कळतं." मला तेव्हा हा कंटाळवाणा उद्योग वाटायचा. माळ्यावर चढून धूळ खात जुन्या फायली काढायच्या, त्याही मीच.

माझी आर्टिकलशिप अर्ध्यावर आली होती आणि एके दिवशी दुपारी माझे वडील, आप्पा, न कळवता ऑफिसात आले. आप्पांचं नांदगावात धान्याचं दुकान. माणूस प्रेमळ, पण चारचौघांच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हे. मला स्थळ आलं होतं. मुलगा ओझरला कारखान्यात नोकरीला, घर जवळच्या गावात, शेती, दोन भाऊ, सगळं नाव ठेवायला जागा नाही असं. लग्न लगेच उरकायचं होतं. मला लग्नाचं वावडं नव्हतं, पण सी.ए. व्हायचं होतं, आणि ते इतकं हवं होतं की दुसरं काही सुचत नव्हतं. मधेच सोडून गेलेल्या मुली आमच्या ऑफिसाने पाहिल्या होत्या. त्यांतली एकही परत टेबलाशी आली नव्हती.

आप्पा मॅडमच्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेला टेकून बसले. मी दाराशी उभी.

"बाई, पोरीला मोकळं करा," आप्पा म्हणाले. "लय चांगली माणसं हायती. मिळालेलं स्थळ सोडायचं नाय म्हणतात सगळे."

"मग हिच्या परीक्षेचं?"

"ते शिकवणार हायती की. लग्नानंतर शिकू देऊ म्हणाले."

"कोण म्हणाले?"

"मुलाचे वडील. चांगले बोलले."

मला वाटलं, आता नेहमीचा शब्द येणार. पण त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही घर बघायला कधी जाणार?"

"या रविवारी."

"मी आले तर चालेल?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. एवढ्या मोठ्या बाईला नाही म्हणायचं कसं, हे त्यांना कळेना. "या की," ते म्हणाले. "पोहे तर असणारच."

रविवारी दोघं गेले. मी मावशीच्या घरी कशात जीव लागत नसल्याने तांदूळ निवडत बसले होते. निवडलेलेच पुन्हा निवडत होते. संध्याकाळी आप्पा आले, हातपाय धुतले, आणि मावशीने चहा ठेवायच्या आतच सांगू लागले.

"तुझी बाई लय भारी हाय. आधी काय बोललीच नाय. पोहे खाल्ले, चांगले झाले म्हणाली. शेत बघितलं, विहीर बघितली. मग ते म्हणाले, तुमच्या पोरीला आम्ही शिकवू, नोकरी करू देऊ, आमची आडकाठी नाय. तर बाई म्हणाली, वा, फार छान. आन थोरल्या सूनबाईंचं शिक्षण कुठवर आलं?"

"मग?"

"मग काय. म्हातारा म्हणाला, तिचं डी.एड. चालू होतं लग्नात. तिच्याबी वडलांना शब्द दिलता. पण पोरंबाळं झाली, राहूनच गेलं. असं हसून सांगितलं त्यानं. ती थोरली तिथंच उभी, कपबशा गोळा करत. बाईनं तिलाच विचारलं, काय गं, करायचंय का अजून?"

मावशी स्टोव्ह सोडून जवळ येऊन बसली.

"ती पोर काय बोलली नाय. हसलीबी नाय. कपबशा उचलल्या आन आत गेली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. पोरी, मला तिथं तूच जाताना दिसली."

मी तांदळाचं ताट खाली ठेवलं.

"माणसं वाईट नायत," आप्पा म्हणाले. "पण देऊ म्हणणं येगळं आन देणं येगळं. तू तुझं पुरं कर. चारचौघांना काय सांगायचं ते मी सांगतो." मग जरा वेळाने त्यांना आठवलं. "वापस येताना बाईनं त्या घराबद्दल एक अक्षर काढलं नाय. ओझरच्या स्टँडवर मला उसाचा रस पाजला आन कांद्याचा भाव विचारला."

सोमवारी मी सकाळी लवकर जाऊन मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, पण तोंडातून नुसतं "मॅडम" एवढंच निघालं आणि रडू आलं. त्यांनी मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाल्या, "झालं? आता ती खरेदीची फाईल कुठवर आली?" मी डोळे पुसत म्हणाले, "झालीच आहे." अर्थातच ती दाखवावी लागली, आणि अर्थातच झालेली नव्हती.

मी सी.ए. झाले तेव्हा आप्पा पेढे घेऊन आले. मॅडमना वाकून नमस्कार करायला निघाले, तर मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. पुढे पुन्हा स्थळं येऊ लागली. ज्या घरी अखेर माझं जमलं, तिथे आप्पा एकटेच गेले होते. घरात थोरली सून नव्हती, मुलगा एकुलता एक. आप्पांची पंचाईत झाली. पण बाईंचा शिष्यच तो! त्यांनी सरळ माझ्या होणाऱ्या सासूबाईंनाच विचारलं, "ताई, तुमचं काही शिकायचं राहिलं का?" सासूबाई आधी चमकल्या आणि मग म्हणाल्या, "मला पेटी शिकायची होती. हे आणून देणार होते." सासरे खाली बघायला लागले. लग्नाच्या आधीच त्या घरात पेटी आली. सासूबाई आजही वाजवतात, आणि सुरात नसली तरी त्यांना अडवायची कुणाची टाप नाही.

मी आमच्या त्याच ऑफिसात आणखी काही वर्षं नोकरी केली. दोन हजार साल उलटून गेल्यावर आमचं बिऱ्हाड नांदगावला हललं आणि मी तिथे स्वतःचं ऑफिस काढायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी टेबल आवरून झालं. तोवर टेबलावर सगळ्यांपुढे संगणक आले होते आणि चपला घालूनच सगळे फिरत होते. मी मॅडमचा निरोप घ्यायला आत गेले. इतकी वर्षं मनात ठेवलेलं त्या दिवशी विचारलं. "मॅडम, त्या रविवारी थोरल्या सुनेलाच विचारायचं, हे तुम्हाला सुचलं कसं?"

मॅडम सी.ए. बऱ्याच उशिरा झाल्या होत्या, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. का, ते त्या कधी बोलल्या नव्हत्या आणि विचारायची आमची हिंमत नव्हती.

"माझं लग्न झालं तेव्हा बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "शिकवू म्हणाले होते. मग धाकट्या दिराचं लग्न निघालं. माझ्या होणाऱ्या जावेचे वडील घर बघायला आले. फार साधा माणूस. त्यांनाही हेच सांगितलं, मुलीला शिकवू. ते मान डोलवत होते. मी तिथेच उभी होते, चहाचा ट्रे हातात घेऊन. मला कुणीच काही विचारलं नाही."

"मग तुमची जाऊ?"

"शिकली. आम्ही दोघीही शिकलो, घर डोक्यावर घेऊन शिकलो. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे आता, माझ्यापेक्षा कडक. पण मधली वर्षं गेली गं. दोघींचीही गेली."

मला राहवलं नाही. "जावेच्या वडिलांनी त्या दिवशी विचारलं असतं, तर तुम्ही सांगितलं असतं?"



"सासऱ्यांसमोर? नाही," त्या म्हणाल्या. "मीपण कपबशा उचलून आत गेले असते. पण तिच्या वडिलांनी मला आत जाताना बघितलं असतं."