हळदीच्या अर्जावरची सही

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या गोदामात काट्यासमोर उभी होते, हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे. "ताई, बाबा गेले. सकाळीच..." एवढंच तो बोलला. मिलिंद म्हणजे दादाराव मेश्राम यांचा मुलगा. दोनच दिवसांपूर्वी मी काकांना सावंगीच्या दवाखान्यात भेटून आले होते. नाकाला नळी, हाताला सलाईन, आणि माणूस मलाच विचारतोय, "मुंबईचं काई आलं का व?" मी नाही म्हटलं तर म्हणाले, "येते. वाचून राह्यले असतीन. चांगला अर्ज वाचाले टाइम लागते." आणि आता हा फोन. लाज वाटते, पण खरं तेच सांगते. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार काकांचा आलाच नाही. पहिला विचार आला, आता अर्जाचं काय? मग मात्र मी तिथंच कट्ट्यावर बसले आणि पोटभर रडले.

अर्ज कसला, ते आधी सांगायला हवं. सेलूच्या आसपासच्या आम्हा बायांची एक शेतकरी कंपनी आहे. आधी भाजीपाला होता, मग हळद आली. एकेकीची हळद म्हणजे चार कट्टे, चार पोती, फार तर दहा. एवढ्याशा मालाला मोठ्या वायदेबाजारात कोण विचारतं? सगळ्यांचा मिळून एक ढीग केला आणि कंपनीच्या नावानं नेला, तर रास्त भाव मिळतो. पण इथंच घोडं पेंड खात होतं. त्या बाजारावर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय मुंबईत आहे, आणि त्याचा नियम असा की दुसऱ्याचा माल आपल्या नावानं बाजारात नेतो तो दलाल. दलालानं आधी रीतसर नोंदणी करायची. ती नोंदणी आम्हाला सात जन्मात झेपली नसती. नियमातून सूट मिळाली तर कंपनी जगणार, नाही मिळाली तर प्रत्येकीनं पुन्हा आपापले कट्टे घेऊन व्यापाऱ्याच्या दारात उभं राहायचं.

कंपनीची लिखापढी माझ्याकडे, म्हणून मी उत्साहाच्या भरात एकपानी पत्र ठोकून दिलं. आम्ही गरीब कष्टकरी बाया आहोत, कृपा करून सूट द्यावी, वगैरे वगैरे. महिन्याभरात उत्तर आलं. कृपा नाही, नकार नाही, नुसती पानंच्या पानं! सूट मागायची तर अर्ज कसा करायचा, त्याच्या अटींची यादी. मी इतकी चिडले की ती पानं फाडायच्याच बेतात होते. पण आमच्या एका संचालक बाईनं सुचवलं, "मेश्राम काकाले दाखव ना एकदा." काका वर्ध्याच्या सरकारी कचेरीत बडे बाबू होते, निवृत्त होऊन सेलूत राहत होते. कोणाचा फेरफार अडला, कोणाची पेन्शन अडली की लोक त्यांच्या छपरीत जाऊन बसत.

त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि एकदम मांडीवर थाप मारली. "व माय! काय लिवलंय! शांता, चहा टाक, वंदना आली हाय आन् सोबत लय भारी कागद आनला तिनं!" मी बघतच राहिले. सरकारी अटी वाचून कोणी एवढं खूश होतं का? पण त्यांचा चेहरा असा खुलला होता, जसा पंगतीत पुरण वाढताना पोरांचा खुलतो. ते मोठ्यानं वाचून मला समजावू लागले. "हे पाय. कोन मांगून राह्यलं त्याचं नाव सांगा, बेनामी चालत नाई. खरोखर जे करनार हाय तेच सांगा, 'समजा असं झालं तर' चालत नाई. कोनत्या नियमातून सूट पायजे आन् काऊन पायजे, ते सांगा. तू काय केलं? तू कृपा मांगतली. यायले कृपा नाई पायजे बाई, यायले हकीकत पायजे!"

त्या यादीतल्या दोन अटींवर मात्र ते बराच वेळ थबकले. एक अशी की, अर्जातली हकीकत खरी आणि पूर्ण आहे असं स्वतःच्या माहितीवरून सांगणाऱ्या माणसानं सही करायची. दुसरी अशी की, उत्तर येण्याआधी त्या हकिकतीत काही बदल झाला तर अर्जदारानं आपण होऊन लगेच कळवायचं. काका म्हणाले, "या दोन ओळीतच सारा अर्ज हाय. बाकी सजावट."

आता सही कोणाची? सभा भरली, आणि सगळ्या बायांनी एका सुरात काकांचं नाव घेतलं. ठराव झाला, काका कंपनीचे अधिकृत प्रतिनिधी झाले. मला वाटलं, सुटलो! रजिस्टर समोर ठेवलं, नावं दाखवली की काका सही करतील, आपण पोस्टात टाकू. काका म्हणाले, "रजिस्टर तुयी माहिती हाय. माही नाई." आणि दुसऱ्या दिवसापासून हा सत्तरीचा माणूस कापडी थैली घेऊन उन्हातान्हात घरोघर हिंडायला लागला! ही बाई खरंच सभासद आहे का, हळद हिच्याच वावरातली आहे का, हळद कुठं उकडली, कुठं वाळवली, सगळं विचारायचे. सोबत मी. बायांना गंमत वाटायची. सिंधूबाई तर त्यांना बघून म्हणाली, "काका, तुमी तं पोरगी पायाले आल्यावानी हळद पाहून राह्यले!" काका म्हणाले, "मंग? सोयरीक जमवाची हाय मुंबईशी. मुलीकडचं सारं सांगा लागते." बाया पदर तोंडाला लावून हसल्या, आणि आम्हाला जेवल्याशिवाय कोणी सोडलं नाही.

ते दिवस आठवले की अजून अंगात तरतरी येते. दुपारी काकांच्या छपरीत बसून आम्ही मसुदा लिहायचो. ते बोलायचे, मी लॅपटॉपवर उतरवायचे, मग ते माझेच शब्द माझ्यासमोर सोलायचे. मी लिहिलं, "साधारणतः सभासदांचाच माल घेतला जातो." काका उसळले, "साधारणतः म्हंजे? घेतो का नाई घेत?" मी चिडून म्हटलं, "काका, सगळेच असं लिहितात!" तेव्हा ते थोडे मवाळ झाले. म्हणाले, "माह्या बापाले लिवता-वाचता येत नोतं. मालक कागद पुढं करे, बाप आंगठा देये. त्या कागदात काय लिवलं होतं, ते त्याले मरेलोक समजलं नाई. मले शाळेत घातलं ते याच्यासाठीच. मी न वाचता सही करत नाई, आन् न पायता तं नाईच नाई." मी मुकाट्यानं 'साधारणतः' खोडलं. 'कंपनी केवळ सभासदांनी स्वतः पिकवलेला माल एकत्र करते,' असं लिहिलं. सातव्या खेपेला मसुदा पक्का झाला, काकांनी सही केली, आणि आम्ही दोघं स्वतः वर्ध्याला जाऊन अर्ज टपालात टाकून आलो. येताना त्यांनी मला आलुबोंडा खाऊ घातला. आपण कलेक्टर झालो असं वाटत होतं मला!

आणि मग आमच्या सिंधूबाईनं घोळ घातला. तिची लेक लता दोन गावं पलीकडे दिलेली. सासरी तिनं हळद लावली होती, ती सात कट्टे घेऊन माहेरी आली. आईनं काय करावं? तिची हळद सरळ आपल्या हळदीत ओतली आणि सगळी मिळून गोदामात आणली. तिथून ती मोठ्या ढिगात गेली. लता सभासद नव्हती. मला कळलं तेव्हा मी सिंधूबाईवर ओरडलेच, तर ती माझ्याकडेच नवलानं बघत राहिली. "लेकीचा माल येगळा ठेवू? माहेरी आलेल्या लेकीले सांगू का, तुयी हळद बाहेर ठेव म्हनून?" तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण 'केवळ सभासदांचा माल' ही अर्जातली ओळ त्या सात कट्ट्यांनी खोटी करून टाकली होती.

मी उपाय काढला. लताला सभासद करून घ्यायचं आणि तारीख टाकायची मागची. काकांना सांगायला गेले तर त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागद आन, मुंबईले कळवाचं हाय." मी हात जोडले. "काका, त्यांना कोण सांगणार आहे? सात कट्टे! अर्ज फेटाळला तर सगळ्या बाया व्यापाऱ्याच्या दारात जातील. तुम्हाला तुमची सही मोठी की या बाया?" हे मी त्यांना बोलले. तोंडावर बोलले. ते रागावले नाहीत, हीच माझी बोच आहे. म्हणाले, "पोरी, माही सही त्या बायायचीच हाय. उद्या कोनी तपासाले आलं आन् सात कट्टे सापडले, तं अर्जातली बाकीची खरी हकीकतबी खोटी ठरते. बस. लिव." मी दात-ओठ खात लिहायला बसले. काय झालं, कसं झालं, माल ढिगात मिसळलाय, वेगळा काढता येत नाही, सगळं लिहिलं. शेवटी मात्र काका उठून येरझारा घालायला लागले, डोळे चमकायला लागले. "वंदना! हे दर साली होनार. लेकी दर साली येतीन. मंग मांगू ना आपन! लिव, सभासदाच्या लग्न झालेल्या लेकीनं सोता पिकवलेला मालबी घेता यावा, तिची येगळी नोंद ठेवून." मी टाइप करायची थांबले. ज्या चुकीनं आम्ही बुडणार असं मला वाटत होतं, तिच्यातून त्यांनी आमची मागणीच वाढवली होती. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या आणि आतून शांताकाकू बघायला आल्या, काय झालं म्हणून.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्यांना सावंगीला नेलं आणि ते परत आलेच नाहीत. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, त्रिशरण-पंचशील, आणि त्या गर्दीत आमच्या गावोगावच्या बाया, भरल्या डोळ्यांनी उभ्या. परतताना एकीनं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, कागदावर काकाची सही तं हायच ना? ते गेले म्हनून मुंबईले कायले सांगाचं? पुन्हा सारं पयल्यापासून करा लावतीन." महिन्यापूर्वी मीही अगदी हेच बोलले असते. मी म्हटलं, "नाही बाई. कळवावं लागतं." सही करणारा माणूसच गेला, याहून मोठा बदल कोणता? ते पत्र मी एकटीनं लिहिलं. अधिकृत प्रतिनिधी दादाराव मेश्राम यांचं निधन झालं आहे, सभेच्या ठरावानं यापुढे मी प्रतिनिधी आहे. आणि त्यांच्यासारखीच पुन्हा घरोघर फिरून आले, कारण आता माहिती माझी असायला हवी होती. हळदीचे दिवस सरत आले होते. सगळं पहिल्यापासून करा म्हणाले असते तर यंदाचा माल गेलाच असता.

पंधरा दिवसांनी मुंबईच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याचा फोन आला. शांत, नेमकं बोलणारा माणूस. म्हणाला, "मॅडम, प्रकरण निर्णयाला आलंय. पुन्हा अर्ज नको. तुमच्या सहीनं फक्त एका ओळीचं निवेदन पाठवा. मजकूर मेल केलाय." मी धावतच लॅपटॉपपाशी गेले. मेल उघडला. ओळ अशी होती : 'यापूर्वी कळवलेल्या बाबी व श्री. मेश्राम यांचे निधन याव्यतिरिक्त इतर कोणताही बदल झालेला नाही.' छापून काढली, पेन घेतलं... आणि हात पुढं जाईना. समोर सगळ्या बायांचं वर्षाचं पीक, आणि मी एका ओळीपाशी अडून बसलेली. सही न वाचता करायची असती तर झाली असती. पण मी वाचली होती. कोणताही बदल नाही? शेवटी मी ती ओळ पुन्हा टाइप केली, 'इतर कोणताही बदल' याच्या आधी 'कंपनीच्या व्यवहारात' हे दोन शब्द घातले आणि सही करून पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच अधिकाऱ्याचा फोन. "मॅडम, मजकूर आम्ही दिला होता. तुम्ही तो का बदललात? काही लपवताय का?"

"नाही साहेब. तुमच्या मजकुरावर सही केली असती तर खोटी ठरली असती. बदल झालाय. माझ्यातच खूप झालाय. पण तो कंपनीच्या कागदात येत नाही."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "असू द्या. तुमचाच मजकूर राहू द्या."

त्याच आठवड्यात सूट आली. लेकींसकट.