वाल सोलताना पळणारे लोक

काही वर्षांपूर्वी मी एक शुद्ध गाढवपणा केला. तेव्हा मी जेमतेम पासष्टीची, म्हणजे तशी अल्लडच. अ‍ॅनालिटिक्स नावाच्या प्रकरणाच्या नादी लागले.

डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरातून मी रेसिपीचे व्हिडिओ टाकते. सून वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अ‍ॅनालिटिक्सचंच काम करते. एकदा तिने मला फोनवर, माझा व्हिडिओ किती जण कुठवर बघतात ते दाखवणारी एक घसरत जाणारी रेघ दाखवली.

"आई, तुम्ही वाल सोलायला बसलात ना, की लोक पळतात."

"का पळतात?"

"ते यात नाही कळत. पळतात एवढं कळतं."

"मग एवढं मोठं नाव कशाला? खुर्च्या रिकाम्या झालेल्या मलाही दिसतात!"

"कापा हो तो भाग. डेटा बोलतोय."

बोलतोय म्हणे! मला मात्र बोलू देईना.

आता बिरडं करायचं तर मोड आलेले वाल एकेक करून सोलावे लागतात, आणि ते मुकाट्याने कुणी सोलत नाही. तोंड चालतं म्हणून बोटं चालतात. कोपरीला माहेरी मी आणि ताई परातीच्या दोन बाजूंना बसून वालांबरोबर अख्ख्या आळीची सालं काढायचो.

पण या बाईसाहेबांना रेघ चढवायची होती ना! मी सोललेले वाल विकत आणले. नमस्कार म्हटलं की थेट फोडणी. रेघ चढली, आणि मीही तिच्याबरोबर चढले. देवाआधी रेघेचं दर्शन घ्यायला लागले. या नादात ताईचा फोन येईनासा झालाय, हे लक्षातच आलं नाही. ती कळव्याला एकटी राहते, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही. एरवी प्रत्येक व्हिडिओनंतर मीठ जास्त घातलंस म्हणून झापायला तिचा फोन ठरलेला.

शेवटी तिच्याकडे गेले. परात भिंतीला टेकून उभी, कोरडी ठणठणीत.

"हल्ली बिरडं करत नाहीस वाटतं? आणि माझे व्हिडिओही बघत नाहीस! किती माणसं वाढलीत माझी, ठाऊक आहे?"

ताईने चष्मा काढला.

"बिरडं तुला शिकवलं कोणी गं? ते बघायला मी फोन उघडून बसेन होय? तू सोलायला बसलीस की मीही माझे वाल घेऊन समोर बसायचे. आता तू उगवतेस ती थेट फोडणीला. मग मी काय भिंतीशी गप्पा मारत सोलू?"