हँडल कुठंय, मॅडम?

आमच्या इमारतीत नवी लिफ्ट बसली त्या दिवशी सेक्रेटरींनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि कंपनीच्या माणसाने आम्हाला बटणे, पंखा आणि आरसा दाखवला. सगळ्यांनी आरशात बघून घेतले. मग चौथ्या मजल्यावरचे काका गर्दीतून पुढे आले, हातातला पेढा खिशात टाकला आणि म्हणाले, "समदं झ्याक हाय. पन हँडल कुठंय?"

"कसलं हँडल?"

"लाइट गेल्यावर फिरवायचं."

लाइट गेली तर बॅटरी आहे, लिफ्ट आपोआप जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते, असे त्या माणसाने समजावले. "आन बॅटरी गेल्यावर?" काकांनी विचारले. असे कधी होत नाही, तो म्हणाला. "कधी न्हाई म्हंजे किती वर्सं?" पेढे कोरडे पडेपर्यंत हे चालले. शेवटी त्या माणसाने वैतागून त्यांना गच्चीवरच्या खोलीत नेले आणि भिंतीला टांगलेले लाल चाक दाखवले. ते मोटरीला लावून हाताने फिरवले की लिफ्ट हळूहळू सरकते. काकांनी ते स्वतः फिरवून पाहिले आणि मग खिशातला पेढा काढून खाल्ला.

तुमच्याही सोसायटीत असा एक गृहस्थ असेल, पण आमचा जास्त होता. त्या दिवसापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला काका वॉचमनना गच्चीवर न्यायचे, लिफ्टची वीज बंद करायचे आणि त्यांच्याकडून चाक फिरवून घ्यायचे. वॉचमन पन्नाशीचे, सांधे दुखणारे. ते बिचारे "हो साहेब" म्हणत फिरवायचे आणि आम्ही दुधाच्या पिशव्या घेऊन जिना चढायचो. सेक्रेटरींनी पाटी लावली : "लिफ्ट प्रवासासाठी आहे, सरावासाठी नाही." दुसऱ्या दिवशी तिच्याखाली लाल पेनाने ओळ होती : "सराव प्रवासासाठीच आहे." खाली सही आणि हुद्दा.

हुद्दा रिसालदार. आम्ही सगळे त्यांना आधी सुभेदार म्हणायचो, आणि प्रत्येक वेळी ते थांबून दुरुस्त करायचे. "सुभेदार पायदळात. आमी रनगाड्यात. रिसालदार." चोवीस वर्षे त्यांनी रणगाडा चालवला होता. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. "आमच्या गाडीत उंच मानूस मावत न्हाई. मला हुशारीनं न्हाई, उंचीनं निवडलं," हे ते अभिमानाने सांगत.

हँडलचे वेड लिफ्टपुरते असते तर मी काही लिहिले नसते. मॉलमधल्या हात पुढे केला की पाणी सोडणाऱ्या नळापुढे ते उभे राहायचे आणि मागे रांग लागायची. माझ्या नव्या गाडीला किल्ली नाही, बटण आहे, हे कळल्यावर त्यांनी मला अर्धा तास ऑफिसला जाऊ दिले नव्हते.

आणि अशा माणसाला मी आपण होऊन ऑफिसात नेले. चूक माझीच. आमच्या स्टुडिओत आम्ही चित्रपटांसाठी संगणकावर शहरे, वादळे आणि यंत्रे बनवतो. तेव्हा भविष्यातल्या युद्धाच्या एका चित्रपटाचे काम आले होते. त्यातला रणगाडा माझ्याकडे होता. दिग्दर्शक तिशीही न ओलांडलेला. त्याला रणगाडा "रिअल फील" देणारा हवा होता. मी म्हटले, आमच्या इमारतीत चोवीस वर्षांचा रिअल फील राहतो.

काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मोठ्या पडद्यावर आम्ही त्यांना नमुन्यादाखल अशा चित्रपटांतली यंत्रे दाखवायला सुरुवात केली. पहिले चार पायांवर चालणारे होते.

"ह्याला गुडघा हाय," काका म्हणाले. "म्हंजे तिथंच मारनार. आन एवढं उंच कशाला? लढाईत लपायचं असतंय. ह्यो तर मैलावरनं हात करतोय."

दुसऱ्याला निळे दिवे होते. "रातच्याला शत्रूची सोय केली." तिसऱ्याला समोर भलीमोठी काच होती. "बसची हाय का?" चौथ्याच्या आत बारा माणसे ऐसपैस उभी राहून बोलत होती. काका पडद्याजवळ गेले. "दारूगोळा कुठं ठेवला? डिझेल? आमच्यात तिघं असायचो आन हात हलवायचा तर दुसऱ्याला विचारावं लागायचं. ह्यांच्यात लगीन लागंल." पाचव्याचा चाकांवरचा पट्टा चिखलातून बाहेर आला तो लखलखीत. त्यावर ते नुसते पाणी प्यायले.

दिग्दर्शकाचा चेहरा उतरत चालला होता. मी घाईघाईने आमचा रणगाडा लावला. चपटा, बुटका, दिवे नसलेला. काकांनी मान डोलावली. मला हायसे वाटले.

"बरा हाय. हँडल कुठंय?"

"अंकल, हे ना, सगळं एआय कंट्रोल्ड आहे," दिग्दर्शक म्हणाला. "म्हणजे लिटरली दोनशे वर्षांनंतरचं."

"दोनशे वर्सांनी लाइट जानार न्हाई?"

त्या दिवशी सकाळी दोन तास लाइट नव्हती.

"मॅडम, हितं या," काका मला म्हणाले, आणि त्यांनी मला सगळ्यांदेखत मीटिंगच्या टेबलाखाली पाय ठेवायच्या चौरंगावर बसवले. मी त्या खात्याची प्रमुख आहे, हे इथे सांगून ठेवते. "तुमी डायवर. हा टेबल म्हंजे तोफेची नळी. तुमचं भाईर पडायचं झाकन हिच्या बरोब्बर खाली. आता उठा."

मी उठले. डोके टेबलावर आपटले.

"हां. तिथं मी हुतो."

मग त्यांनी ते सांगितले, टेबलावर हात ठेवून, लिफ्टबद्दल बोलावे तशाच आवाजात. सरावात कालवा ओलांडताना त्यांचा रणगाडा पुढच्या बाजूने पाण्यात बसला. इंजिन बंद, वीज बंद. तोफ सरळ पुढे, त्यामुळे त्यांचे झाकण उघडेना. सीटमागे तळाला सुटकेचे दार होते, ते चिखलात रुतलेले. पाणी छातीपर्यंत आले. तोफ बसवलेला वरचा बुरूज बाजूला वळला तरच ती हटणार, आणि वीज नसताना तो वळतो एका छोट्या हँडलने, हाताने, एका फेऱ्याला बोटभर. हँडल तोफ डागणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी.

"जोडीदाराचं झाकन त्याच्या डोक्यावर उघडंच हुतं. कमांडर भाईर पडला, ह्यालाबी म्हनला उतर. ह्यो उतरला न्हाई. फिरवत बसला. गाडी तिरकी, बुरूज चढावर फिरवायचा. मी खालनं फेरे मोजत हुतो. साठाच्या पुढं पानी तोंडाला लागलं, मोजनं सोडलं." ते टेबलावरून माझ्याकडे वाकले. "मी भाईर आलो, वर चढलो, आत वाकून बघितलं, तर ह्यो फिरवतोयच. त्याला काय कळतंय मी सुटलो का न्हाई? मी त्याचा हात धरला तवा थांबला. खांदा गेला त्यो गेलाच."

मी अजून टेबलाखालीच होते. जोडीदार आता लोणी काळभोरला राहतो, दर गुरुवारी काका बसने त्याच्याकडे जातात, हे मला ठाऊक होते. निवृत्तीनंतर बारामतीकडचे गाव सोडून ते पुण्यात का आले, ते त्या दिवशी कळले.

"एवढंच म्हननं हाय," काका म्हणाले. "काय बी बनवा. पंख लावा. पन आत एक हँडल ठेवा. त्याला सांगीन मी, पिच्चरमधे तुझं हँडल हाय."

मी ते हँडल दोन दिवस खपून केले. लाकडी मूठ, हाताने गुळगुळीत झालेली, एका बाजूला रंग उडालेला. इतके मन लावून मी त्या चित्रपटात दुसरे काही केले नाही. तिसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "मॅम, हे खूप रेट्रो दिसतंय, व्हाइब जातोय." शेवटच्या प्रसंगात वीज गेल्यावर नायिका भिंतीवर तळवा टेकवणार होती आणि यंत्र तिला ओळखून पुन्हा सुरू होणार होते. हँडल असेल तर ती ते का फिरवत नाही, असे लोक विचारतील. हे मात्र त्याला बरोबर कळले होते. मी भांडले, पण नोकरी जाईल इतके भांडले नाही. एक बटण दाबले आणि हँडल गेले.

संध्याकाळी पार्किंगमध्ये काका उभे होते. "बसवलं न्हवं?"

"हो काका. बसवलंय."

का खोटे बोलले? दमले होते. आणि खरे सांगितले असते तर ते दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसच्या दारात उभे राहिले असते. मला त्यांचा वैताग आला होता. आज त्या वैतागाची लाज वाटते, पण तेव्हा तो खरा होता.

चित्रपट आला. पहिल्याच आठवड्यात काका लोणीला रिक्षा घेऊन गेले आणि जोडीदाराला मल्टिप्लेक्सात घेऊन आले. मी चार दिवस त्यांना चुकवून जिन्याने ये-जा केली. पाचव्या दिवशी गाठ पडलीच.

"बघितला पिच्चर," ते म्हणाले. मी वाट पाहत राहिले. गुडघे, दिवे, काच, काहीतरी निघेलच. "बरा हाय. जोडीदाराला आवडला."

बस, इतकेच. ज्या माणसाने माझ्या मिक्सरच्या झाकणातही खोट काढली होती, त्याने त्या अडीच तासांबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. हँडलचे विचारले नाही. मी सुटले असे मला वाटले.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी काका गेले. झोपेतच. तेराव्याला त्यांच्या घरी खूप माणसे होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बुटके, वाकलेले म्हातारे गृहस्थ बसले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. कुणी नमस्कार म्हटले की ते फक्त डावा हात कपाळाला लावत. काकू मला म्हणाल्या, "अगं, यांना खाली पोचवतेस का? पुतण्या गाडी आणायला गेलाय. यांना नीट दिसत नाही."

मी त्यांचा हात धरला. ते भिंत चाचपत लिफ्टपर्यंत आले. आम्ही निघालो आणि दुसऱ्या मजल्याच्या खाली लिफ्ट थांबली. दिवा गेला, पंखा गेला. भर दुपारी आत काळोख. बॅटरीने काहीही केले नाही. मी घंटा दाबली, ती वाजली नाही. मग मी दारावर हात आपटून ओरडले. खालून वॉचमनचा आवाज आला, "घाबरू नका मॅडम, वर जातो!" आणि जिन्यावर त्यांची पावले वाजत गेली.

थोड्या वेळाने लिफ्ट बोटभर हलली. थांबली. पुन्हा बोटभर.

"हँडल हाय?" जोडीदाराने अंधारात विचारले.

"हो. काकांनी वॉचमनना शिकवलंय."

ते हसले असावेत. "तुमीच का त्या पिच्चरवाल्या मॅडम?"

आता सांगून टाकावे, असे मी ठरवले. अंधार होता, तोंड दिसत नव्हते. "मी तुम्हाला एक—"

"लई झ्याक दावलं," ते म्हणाले. "मला साखरेनं दिसत न्हाई. पन ह्यो शेजारी बसून समदं सांगत हुता. म्हनला, लाइट गेली बघ. म्हनला, पोरीनं हँडल धरलं. भाईर पड म्हनत्यात तिला, ती उठत न्हाई. ह्यो फेरे मोजत हुता माझ्या कानात. लोकं गप ऱ्हा म्हनत हुती, पन ह्यो मोजतोय." त्यांनी लिफ्टची भिंत चाचपली. "साठाच्या पुढंबी मोजलं त्यानं."

लिफ्ट सरकत होती. आमच्या काकांनी आयुष्यात एका नटबोल्टबद्दलही खोटे सांगितले नव्हते.

"उठली न्हाई न्हवं ती शेवटपर्यंत?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणाले. "शेवटपर्यंत उठली नाही."

दाराच्या फटीत पहिल्या मजल्याचा उजेड दिसला. मी दोन्ही हातांनी दार ओढले आणि त्यांना बाहेर घेतले. त्यांना जिन्याच्या कठड्याशी उभे केले, तरी ते हलेनात. मान वर करून ऐकत होते.

"वर सांगा जाऊन," ते म्हणाले. "उतरलो म्हनून. त्याला काय कळतंय? त्यो फिरवतच बसंल."

मी जिना चढत गेले. चौथ्या मजल्यावर काकांच्या दारापुढे चपलाच चपला होत्या. गच्चीवरच्या खोलीत वॉचमन घामाघूम होऊन, डोळे मिटून चाक फिरवत होते आणि मोठ्याने फेरे मोजत होते. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. मग पुढे होऊन मी त्यांचा हात धरला, तेव्हा ते थांबले.