पऱ्हाटीच्या धुराचा माग घेणाऱ्या बाई

डॉ. वत्सलाबाई गावंडे यांना आज साठावं वर्ष लागलं, हे अकोल्यात कुणाला खरं वाटणार नाही; दवाखान्याचा जिना त्या अजून आमच्याआधी चढतात. मी त्यांच्या हाताखाली थुंकी तपासण्याचं काम करतो. पण पहिली ओळख झाली ती रोग्याचा मुलगा म्हणून.

माझी आई बाळापूरला बिनखिडकीच्या घरात जन्मभर चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जाळून भाकरी थापत आली. विडीला तिनं कधी हात लावला नाही. खोकल्यातून रक्त पडलं आणि गावानं क्षय ठरवून टाकला. बाबांनी भीतीपोटी तिचा पेला वेगळा केला, खाट गोठ्यात टाकली, नातवंडांना तिकडे फिरकू देईनात. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन फार वर्षं झाली नव्हती. ज्या वेगळ्या पेल्याचा जाच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसला, तो आता आमच्याच घरात आला होता.

मी आईला अकोल्याला दवाखान्यात आणलं. बाईंनी थुंकी पुन्हापुन्हा तपासली, छातीचा फोटो काढून नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवला. क्षय नव्हताच, फुप्फुसात कर्करोगाची गाठ होती आणि ती काढण्याची वेळ निघून गेली होती. दुसरं कोणी एवढं सांगून मोकळं झालं असतं. बाई स्वतः एसटीनं बाळापूरला आल्या.

"दादा, हा रोग एकाचा दुसऱ्याले लागत नाही," त्यांनी बाबांना आमच्याच बोलीत सांगितलं. बाबांनी मान हलवली, पण पटलेलं दिसेना. तेव्हा बाईंनी आईचाच पेला मागून घेतला आणि सगळ्यांदेखत त्यातलं पाणी प्यायल्या.

आई एवढंच म्हणाली, "आता तरी लेकरायले येऊ द्या माह्यापाशी."

तेव्हापासून बाई प्रत्येक रोग्याला सैपाक कशावर होतो ते आधी विचारतात. बाई माणसापेक्षा चुलीचीच नाडी जास्त पाहतात, अशी आम्ही पाठीमागे थट्टाही करतो. पेशीनं कधी वाढावं नि कधी थांबावं, याची आनुवंशिक सूचना तिच्या आतच असते. धूर ती सूचना पुसत नसेलही, पण पेशीला ती ऐकूच येऊ देत नसेल का, हा त्यांचा प्रश्न. पुरावा हाती नाही, हेही त्याच सांगतात. तोवर घरोघरी चुलीच्या वर धूर जायला झरोका पाडून घेतात, आणि त्यासाठी भल्याभल्यांना फैलावर घेतात.

बाई ते पाणी प्यायल्या, त्याच दिवशी आईची खाट घरात आली. काही महिन्यांनी आई वारली, तेव्हा धाकटी नात तिच्या कुशीत झोपलेली होती. बाबा आजही सकाळच्या वंदनेनंतर बाईंचं नाव घेऊन त्यांना निरोगी, उदंड आयुष्य चिंततात. आज बाबांच्या आवाजात आम्ही सगळे आपला आवाज मिळवतो.