मोठ्या चाकांची खुर्ची

अमेरिकेचं उठसूट कौतुक करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो, पण गॅल्व्हस्टन बेटाचं कौतुक मी करणारच. ह्यूस्टनच्या आमच्या घरापासून तासाभराचा ड्राइव्ह. तिथे वॉटर पार्क आहे, समुद्रात शिरलेल्या धक्क्यावर पाळणे आहेत आणि लांबच लांब किनारा आहे. पाणी निळंशार वगैरे मुळीच नाही, दूध कमी पडलेल्या चहासारखं दिसतं. तरी कपाळाला आठ्या घालून बसलेलं माणूस तिथे शोधावं लागेल.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरहून आई आली होती. तिच्या परतीला चार दिवस उरले तेव्हा कुठे आमचं बेटावर जाणं जमलं. पहिल्या दिवशी मी आणि माझी नऊ वर्षांची लेक वॉटर पार्कमधल्या घसरगुंड्यांवरून किंचाळत खाली येत होतो आणि आई छत्रीखाली आमच्या चपला, पिशव्या सांभाळत बसली होती. माझ्या लहानपणापासून प्रत्येक सहलीत ती हेच करत आली. तिला तेच आवडतं, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर ती एकदम म्हणाली, "मला पाण्यात जायचंय गं."

मी गारच पडले. पार्किंगपासून वाळूपर्यंत येतानाच गुडघ्यांपायी ती दोनदा थांबली होती. मी "बघू" म्हटलं, म्हणजे नाहीच. तिनं नुसती मान डोलावली. मला माझाच राग आला.

लेकीनं मात्र सरळ लाइफगार्ड बाईंना गाठलं. त्या जाड, फुगीर चाकांची एक खुर्ची ढकलत घेऊन आल्या. वाळूत न रुतता थेट पाण्यात जाणारी खुर्ची, कुणालाही मिळणारी! आई मात्र खवळली. "मी काय पांगळी आहे?"

आता खरं सांगायचं तर, इकडे येणाऱ्या बहुतेक आईबाबांप्रमाणे तिनंही विमानतळावर व्हीलचेअर घेतली होती. गुडघ्यांसाठी नव्हे, इमिग्रेशनच्या इंग्रजीची धास्ती होती आणि खुर्चीसोबत मदतीला माणूस मिळतो म्हणून.

"आजी, एअरपोर्टवर बसलीस ना? सेम थिंग!" लेक म्हणाली.

आईला हसू आवरेना. पदर खोचून ती खुर्चीत बसली.

पाणी आधी घोट्यांना लागलं, मग गुडघ्यांना. एक लाट थेट तिच्या मांडीवर आली, साडी चिंब झाली आणि आई मोठ्यानं किंचाळली. शेजारच्या अनोळखी कुटुंबानं टाळ्या वाजवल्या. लाइफगार्ड बाई खुर्ची धरून निवांत उभ्या होत्या, जणू त्यांना दुसरं कामच नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

"आई, इतक्या वर्षांत कधी बोलली का नाहीस?"

तोंडावरचं खारं पाणी पुसत, पुढच्या लाटेवरची नजर न हलवता ती म्हणाली, "कुणी विचारलं होतं?"